डी अँड डीमध्ये आर्चर करायचाय. ह्युमन फायटर घेऊ की रेंजर? सगळे म्हणतात रेंजर वाया आहे

तू लिहिलंयस की कॉलेजच्या ग्रुपबरोबर पहिल्यांदाच डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, कॅरेक्टर बनवून डाइसवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळतोयस, तेही फिफ्थ एडिशन, २०१४ चं नियमांचं पुस्तक आहे, आर्चरच (धनुर्धारी) करायचाय आणि ग्रुपमधल्या सगळ्यांनी सांगितलंय की ह्युमन फायटर (माणूस वंशाचा लढवय्या) घे, पहिल्याच लेव्हलला शार्पशूटर (नेमातून ५ वजा करून डॅमेज १० ने वाढवू देणारी फीट, म्हणजे खास कौशल्य) घे, रेंजरच्या (थोडी जादू येणारा जंगलातला शिकारी) नादी लागू नकोस. कॉलेजात आहेस म्हणून तूच म्हणते, राग मानू नकोस. हे "रेंजर वाया" मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय, माझ्याच टेबलवर, माझ्याच तोंडावर, त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर पुढे स्क्रोल करणं जमलं नाही.

आधी डीएमला (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) एकच गोष्ट विचार, कॅम्पेन (सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट) उघड्यावर आहे की जमिनीखाली. जमिनीखाली, गुहेत, किल्ल्याच्या तळघरात, रात्रीच्या शहरात असेल तर वुड एल्फ (अंधारात दिसणारा वंश) रेंजर घे आणि तिसऱ्या लेव्हलला ग्लूम स्टॉकर (अंधारात शिकार करणारा रेंजरचा उपप्रकार) हो. झालं उत्तर. आता हे मी एवढ्या ठामपणे का सांगतेय ते ऐक.

रेंजर बदनाम झाला तो २०१४ च्या पुस्तकामुळे, आणि त्या वेळी ती बदनामी बरोबर होती. फेव्हर्ड एनिमी (ठरावीक जातीच्या शत्रूचा माग काढायची हातोटी) कधी कामाला यायचा तर कधी अख्खं कॅम्पेन नाही यायचा, आणि बीस्ट मास्टरचा (प्राणी बरोबर घेणारा रेंजर) लांडगा हल्ला करणार तर तुझी स्वतःची अ‍ॅक्शन त्याला द्यायची, मग धनुष्य काय शोभेला? पण २०१७ ला झानाथरच्या जोडपुस्तकात ग्लूम स्टॉकर आला, २०२० ला टाशाच्या जोडपुस्तकात त्या फेव्हर्ड एनिमीला वगैरे पर्याय आले, आणि लोक मात्र अजून २०१४ चीच टेप वाजवतायत. तुझ्या ग्रुपमधल्यांना विचार कुणी ग्लूम स्टॉकर स्वतः खेळलंय का. बहुतेक कुणीच नसेल, व्हिडिओ बघून बोलत असतील.

आमचा गेम लालबागला माझ्या मावशीकडे चालायचा, चाळीतली दहा बाय बाराची खोली, डीएम माझा मावसभाऊ, मी त्याला दादा म्हणते. खाली सतरंजी, त्यावर ग्राफ पेपरचे कागद सेलोटेपने जोडून केलेला मॅप, आणि जो भाग आम्ही अजून बघितलेला नाही त्यावर काळा चार्ट पेपर, तो दादा जसजसे पुढे जाऊ तसतसा इंच इंच मागे ओढायचा. डाइस मावशीच्या स्टीलच्या परातीत टाकायचो. शेजारच्यांचं बाळ झोपलेलं असायचं म्हणून मावशीने परातीत जाड नॅपकिन घालून दिला होता, डी२० (वीस बाजूंचा डाइस) त्यावर पडला की धप्प असा आवाज यायचा. पार्टीत दोन आर्चर होतो, वादाचं मूळ तेच. मी वुड एल्फ ग्लूम स्टॉकर. दुसरा बदलापूरहून यायचा, व्हेरियंट ह्युमन (पहिल्याच लेव्हलला फीट मिळणारा माणूस), बॅटल मास्टर फायटर (डावपेच येणारा उपप्रकार), शार्पशूटर, म्हणजे अगदी तुला सांगितलंय तोच बिल्ड. त्याने लॅपटॉपवर एक शीट केली होती आणि ती सगळ्यांना दाखवून तो मला म्हणाला की एका पार्टीत दोन आर्चर असतील तर कमी डॅमेजवाला म्हणजे ओझं, तू कॅरेक्टर बदल. सगळ्यांसमोर. मावशी चहा घेऊन आली होती तेव्हा.

त्याचं गणित खोटं नव्हतं, अर्धं होतं. पाचव्या लेव्हलला डेक्स्टेरिटी (चपळाई) १८, तिचे ४, प्रॉफिशियन्सीचे (सराव) ३, आर्चरी स्टाइलचे २, म्हणजे बाण मारताना डी२० वर +९. एसी (बाण लागायला बेरीज किमान एवढी यावी लागते) १५ चा शत्रू धर. साधा बाण ७५ टक्के लागतो, डी८ (आठ बाजूंचा डाइस) अधिक ४ म्हणजे सरासरी साडेआठ, दोन बाणांचे पावणेतेरा. शार्पशूटरचं उणे ५ अधिक १० घेतलं तर ५० टक्के लागतो पण प्रत्येकी साडेअठरा, दोन बाणांचे साडेअठरा. (क्रिट, म्हणजे २० पडल्यावरचं जास्तीचं डॅमेज, सोडून.) त्याच्या शीटमध्ये फायटर साडेअठरा आणि रेंजर पावणेतेरा असं लिहिलेलं होतं, आणि पावणेतेरावर लाल रंग. पण त्याने हंटर्स मार्क (शत्रूवर खूण करणारा रेंजरचा स्पेल) धरलाच नव्हता! प्रत्येक लागलेल्या बाणाला डी६ जास्त, म्हणजे बाणामागे सरासरी १२, दोन बाणांचे बरोबर १८. अर्ध्या पॉइंटचा फरक. आणि शत्रूचा एसी १९ असेल तर रेंजर १३.२ आणि फायटर ११.१, म्हणजे रेंजरच पुढे. मी हे विचारलं तर म्हणे मार्कला कॉन्सन्ट्रेशन लागतं, मार बसला की ते तुटू शकतं. अरे, तुटतं ते पुढे उभं राहून मार खाणाऱ्याचं. आर्चर मागे असतो, त्याला महिन्यातून एकदा कॉन्सन्ट्रेशनचा रोल करावा लागला तरी खूप.

पण खरा मुद्दा डॅमेजचा नाहीच. त्या शीटमध्ये अंधाराचा कॉलमच नव्हता.

आम्ही पाचव्या लेव्हलला एका जुन्या खाणीत उतरलो. खाली ड्युएरगर (जमिनीखाली राहणारे खुजे शत्रू), एसी १६, त्यांना १२० फूट डार्कव्हिजन (अंधारात दिसणं). आमच्याकडे उजेड एकच, क्लेरिकने (जादू येणारा पुजारी) स्वतःच्या शिल्डवर लाइटचा स्पेल टाकलेला. विझार्डकडे (जादूगार) बाकी सगळं होतं, लाइट नव्हता, कारण क्लेरिककडे आहे मग कशाला. आणि आमचे फायटरसाहेब ह्युमन, कारण पहिल्या लेव्हलला शार्पशूटर फीट पाहिजे तर २०१४ च्या पुस्तकात व्हेरियंट ह्युमन व्हावं लागतं आणि ह्युमनला डार्कव्हिजन नाही. हा सौदा शीटवर दिसत नाही. बरं, लॉंगबो मारायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे स्वतःची टॉर्च स्वतः धरून बाण मारता येत नाही, तुझा उजेड कायम दुसऱ्याच्या हातात. एक ड्युएरगर एन्लार्ज झाला (जादूने मोठा झाला), पुढे आला आणि त्याने क्लेरिकला सरळ खाणीच्या उभ्या विहिरीत ढकललं. विझार्डने रिअ‍ॅक्शनला फेदर फॉल (हळू पडायचा स्पेल) टाकला, क्लेरिक वाचला, पण तो आणि त्याची शिल्ड हळूहळू ६० फूट खाली, आणि उजेडही त्याच्याबरोबर खाली. दादाने काही न बोलता आमच्या मिनींवर (कॅरेक्टरच्या छोट्या मूर्ती) काळा चार्ट पेपर परत ओढला. खोलीत सगळे गप्प.

आता बघ काय होतं. फायटरला शत्रू दिसत नाही, म्हणजे दोनदा डाइस टाकून लहान आकडा धरायचा, तेच डिसअ‍ॅडव्हान्टेज. उणे ५ घेतलं तर एसी १६ ला त्याचा बाण लागण्याची शक्यता २० टक्के, न घेतलं तरी ४९. त्याने एक अख्खी अ‍ॅक्शन टॉर्च पेटवून खाली टाकण्यात घालवली, तिचा उजेड २० फूट लख्ख आणि पुढचा २० फूट मंद, ड्युएरगर त्याच्या पलीकडून जॅव्हलिन मारतायत. पुढच्या टर्नला एक जण त्याच्या अंगावरच आला, पाच फुटात शत्रू असला की बाणाला परत डिसअ‍ॅडव्हान्टेज, मग धनुष्य टाकून रेपियर काढली.

मी अंधारातच उभी होते. ग्लूम स्टॉकरला डार्कव्हिजन ३० फूट जास्त मिळतं, एल्फचे ६० धरून ९० झाले. आणि जो शत्रू डार्कव्हिजनवरच अवलंबून आहे त्याला तू अंधारात दिसतच नाहीस, त्यांचं डार्कव्हिजन १२० असो की हजार. म्हणजे माझ्या प्रत्येक बाणाला दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा अ‍ॅडव्हान्टेज, एसी १६ ला ९१ टक्के, आणि माझ्यावर जो जॅव्हलिन येईल त्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज. इनिशिएटिव्हमध्ये (कुणाचा नंबर आधी ते ठरवणारा रोल) विज्डमचे ३ मिळतात म्हणून पहिला नंबरही माझाच होता, आणि पहिल्या टर्नला दोन ऐवजी तीन बाण, तिसऱ्याला वर डी८. उजेड जायच्या आधीच एक मोठा झालेला ड्युएरगर मी त्या तीन बाणांत पाडला होता, क्लेरिकला ढकलणारा तो दुसरा. उरलेले मी कडेवरून एकेक करून संपवले. धप्प, धप्प, परातीत डाइस पडतायत आणि दादा फक्त "लागला" म्हणतोय. फाईट संपल्यावर गुडबेरीने (जखम भरणाऱ्या बेरी देणारा स्पेल) जखमींना सावरलं, हे पण रेंजरचंच.

मग बदलापूरवाला काय म्हणाला माहितीये? "डीएमने मुद्दाम तुझ्यासाठी सेट केलं, भाऊच आहे ना तुझा." जिना उतरताना, करी रोडपर्यंत चालताना, प्लॅटफॉर्मवर शेवटची बदलापूर येईपर्यंत तेच. नंतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण तेच, आणि आजही कुणी ग्लूम स्टॉकरचं नाव काढलं की तो लिहितो "फेव्हरिटिझमवाला बिल्ड". मला त्या रात्री जे बोलायचं होतं ते इथे बोलते. खाणीत अंधार असतो. यात दादाने काय मुद्दाम केलं? बाकीच्या सगळ्या सेशनला बदलापूरवाला भर उन्हात मैदानात १५० फुटांवरून बाण मारत होता तेव्हा मी कधी म्हटलं नाही की मैदान तुझ्यासाठी काढलंय. या खेळाच्या नावातच डंजन आहे, तिथे न दिसणारं कॅरेक्टर करून वर दुसऱ्याला ओझं म्हणायचं हे मला पटलं नाही आणि पटणार नाही.

तर बिल्ड. स्टँडर्ड अ‍ॅरे (सहा गुणांत वाटायचे ठरलेले आकडे) असेल तर १५ डेक्स्टेरिटीत टाक, वुड एल्फचे २ मिळून १७. १४ विज्डममध्ये, १ मिळून १५. चौथ्या लेव्हलला फीट घेऊ नकोस, दोन्हीत एकेक टाक, १८ आणि १६ होतात, एवढं चपखल दुसरीकडे कुठे बसत नाही. १३ कॉन्स्टिट्यूशनला, स्ट्रेंग्थ आणि करिझ्मा मरू देत. दुसऱ्या लेव्हलला आर्चरी स्टाइलच घे, दुसरं काही बघू नकोस. स्पेल्समध्ये हंटर्स मार्क, गुडबेरी, आणि पाचव्या लेव्हलला पास विदाऊट ट्रेस, सगळ्या पार्टीला स्टेल्थला (लपूनछपून चालण्याला) +१० मिळतात, चिलखत घातलेला पॅलाडिनसुद्धा चोरासारखा चालतो. शार्पशूटर आठव्या लेव्हलला घे, तो वाईट नाहीच, फक्त त्याच्यासाठी डोळे विकू नकोस.

रोगचं (Rogue, चोरटा क्लास) तू विचारलं नाहीस पण कुणीतरी सांगेलच. त्याचा स्नीक अटॅक (जास्तीचं डॅमेज) दर टर्नला एकदाच, एक बाण हुकला की टर्न गेला. टाशामधला स्टेडी एम (न हलता नेम धरणं) असेल तर बरा. मला नाही आवडत. आणि आर्केन आर्चर नावाला भुलून घेऊ नकोस, दोन जादूचे बाण मारले की पुढची रेस्ट होईपर्यंत तू साधा फायटर.

आता काही गोष्टी राहिल्या त्या प्रामाणिकपणे सांगते. उघड्या मैदानाचं, समुद्राचं, घोड्यावरचं कॅम्पेन असेल तर फायटर चांगलाच आहे, अ‍ॅक्शन सर्जच्या (एक जास्तीची कृती) टर्नला तो जे करतो ते रेंजरला जमत नाही, आणि बॅटल मास्टरचा प्रिसिजन अटॅक (हुकणारा नेम सुधारणारा डाव) शार्पशूटरबरोबर मस्त बसतो. अकराव्या लेव्हलला त्याला तिसरा अटॅक मिळतो तेव्हा तो पुढे जातो, पण कॉलेजच्या ग्रुपची कॅम्पेन तिथपर्यंत क्वचितच पोचतात, परीक्षा आल्या की बंद पडतात. शत्रूकडे ट्रेमरसेन्स किंवा ब्लाइंडसाइट (डोळ्यांशिवाय समोरचा जाणवणं) असेल तर ग्लूम स्टॉकरचं लपणं चालत नाही. तुमचा क्लेरिक प्रत्येक खोलीत डेलाइट टाकणारा असेल तर त्याच्याशी आधीच बोलून ठेव, नाहीतर तो तुझाच अंधार घालवेल. आणि पुस्तक नक्की २०१४ चंच आहे ना बघ. २०२४ च्या पुस्तकात शार्पशूटरचं उणे ५ अधिक १० काढूनच टाकलंय आणि तो चौथ्या लेव्हलच्या आधी मिळत नाही, म्हणजे तुझ्या ग्रुपने दिलेला सल्ला तिथे लागूच होत नाही. तिथे हंटर्स मार्क रेंजरला कायम तयार असतो, आणि लॉंगबोची मास्टरी निवडली असेल तर त्याचा बाण लागला की शत्रूचा स्पीड १० फूट कमी होतो.

सुरुवातीच्या सोन्यातून दोन शॉर्टस्वोर्ड घे, पाच फुटात कुणी आलं तर लागतात. बाण एका सोन्याला २० मिळतात, ४० घे, आणि फाईट संपली की डीएमला आठवण कर, एक मिनिट शोधलं तर वापरलेल्यांपैकी अर्धे परत मिळतात. तुमच्या ग्रुपमध्ये अजून कुणी आर्चर करत असेल तर करू दे त्याला. दोन आर्चरची पार्टी छान चालते.