फोटोतली नको ती वस्तू पुसताना : वाचकांचे प्रश्न

वायर पुसली आणि डाग उरला, माणूस काढला आणि मूळ फोटोच गेला. पत्रांत हेच घोळ पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र देत आहे. अवजारांची नावं फोटोशॉपची आहेत.

क्लोन स्टॅम्प आणि हीलिंग ब्रश एकच ना? – नौपाडा

नाही. क्लोन पिक्सेल जसेच्या तसे उचलून ठेवतो. हीलिंग पोत उचलतो आणि रंग-उजेड आजूबाजूशी जुळवतो.

तलावपाळीच्या फोटोतली वायर हीलिंगने काढली. आकाशात छान गेली, इमारतीपाशी मात्र काळपट डाग पडला. – ठाणे

पडणारच. कडेवर हीलिंग पलीकडचा गडद रंग ओढून घेतं. तेवढा शेवटचा तुकडा क्लोनने करा: आधी आकाशाचं सिलेक्शन (म्हणजे ब्रश इमारतीवर जाणार नाही), ब्रश वायरीपेक्षा जेमतेम रुंद, हार्डनेस (ब्रशच्या कडेचा कडकपणा) 70-80 टक्के. ऑल्ट दाबून नमुना वायरीला लागूनच घ्या. आकाशाचा निळा क्षितिजाकडे फिका होत जातो, त्यामुळे लांबून आणलेला तुकडा लगेच कळतो.

आजीच्या जुन्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढलाय. शेजारचा माणूस अ‍ॅपने एका टचमध्ये जातो म्हणे. पुसून तीच फाइल सेव्ह करू? – नेरूळ

मुळीच नको! मूळ फाइलवर काहीही करायचं नाही. जेपीईजी बदलून सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील जातो, आणि पुसलेलं परत येत नाही. अ‍ॅपच्या जाहिरातीवरही जाऊ नका. त्या माणसाआड काय होतं हे अ‍ॅपला माहीत नसतं. ते अंदाजाने भरतं. आजीचा खांदा झाकलेला असेल तर नवा खांदा तयार होईल, आणि तो आजीचा नसेल.

आधी प्रिंट 600 डीपीआयवर (दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करून टिफमध्ये, म्हणजे सेव्ह करताना तपशील न घालवणाऱ्या फाइलमध्ये ठेवा. त्याची प्रत उघडा, वर रिकामा लेयर (फोटोवर ठेवलेला पारदर्शक थर) घ्या, क्लोनच्या ‘सॅम्पल’ या पर्यायात ‘करंट अँड बिलो’ निवडा आणि त्या लेयरवरच काम करा. बिघडलं तर लेयर पुसला की झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. स्कॅन ‘सवडीने’ नको, याच आठवड्यात करा. रंगीत प्रिंट अल्बममध्येही फिकी पडते. काचेला चिकटली असेल किंवा बुरशी असेल तर ओढू-पुसू नका, जुन्या फोटोंच्या जतनाचं काम करणाऱ्याला दाखवा.

ऐरोलीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंमागची विजेची तार काढून फोटो स्पर्धेला पाठवू का? – ऐरोली

बऱ्याच वन्यजीव स्पर्धांत असा फोटो बाद होतो. मूळ रॉ फाइलही (कॅमेऱ्यातली, प्रक्रिया न केलेली) मागतात. ‘सगळेच काढतात’ हे ऐकीव आहे. नियम वाचा, आयोजकांना लेखी विचारा.

गाडी ठोकली, त्या फोटोतला मागचा पसारा पुसून विम्यासाठी देऊ? – वाशी

नका देऊ. काढला तसाच द्या. शंका असेल तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला विचारा.