एकट्याने कार्टून अ‍ॅनिमेशन आणि थ्रीडी मॉडेलिंग जमेल का?

टीम नाही, पैसे नाहीत, तरी दोन्ही जमेल का, असं विचारलंय. जमतं. लाटवियाच्या गिंट्स झिलबालोडिस यांनी 'अवे' (२०१९) हा पूर्ण लांबीचा चित्रपट एकट्याने केला, अगदी संगीतासकट. पुढचा 'फ्लो' ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केला, त्याला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. (तेव्हा मात्र सोबत माणसं होती.)

ब्लेंडर फुकट आहे. त्यातल्या ग्रीस पेन्सिलने थ्रीडी सीनमध्येच हाताने रेषा काढता येतात; म्हणजे खोली मॉडेल करायची आणि पात्र चितारायचं. सेकंदाला २४ फ्रेम (एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रं) असल्या तरी एक चित्र दोन फ्रेम धरलं की १२ चित्रांत भागतं. केस-कपड्यांच्या नादी इतक्यात लागू नका, महिने जातात. आधी साधा चेंडू उडवून बघा.