हवामान बदलामुळे अमेरिकेतली ग्रेट लेक्स आटतील का?

अमेरिका-कॅनडा सीमेवरची ही पाच अवाढव्य सरोवरं आटणार नाहीत. पण तापमान वाढलं म्हणजे तळ्याचं पाणी कमीच होणार, हे धरून चाललेला प्रश्न वाचला की माझं डोकं फिरतं. याच समजुतीपायी आमच्या घरातले पैसे पाण्यात गेलेत.

२०१३ च्या जानेवारीत त्यांतल्या लेक मिशिगनची पातळी नोंदी सुरू झाल्यापासून सर्वांत खाली गेली. त्याच वर्षी आमच्या मोठ्या दिरांना मिशिगनच्या पश्चिम काठावर एक कॉटेज स्वस्तात दिसलं. टेकाडावर घर, लाकडी जिना आणि खाली ही रुंद पुळण. भाऊजींचं म्हणणं, बाष्पीभवन वाढतंय, पाणी मागेच हटणार, बीच फुकटात वाढत जाणार. मी म्हटलं, ज्या वाळूवर एक जुनं झाड नाही ती वाळू तळ्याची, आपली नव्हे. "तू काय हायड्रॉलॉजिस्ट आहेस?" नाही, मी खाडीकाठची आहे. पण दोघे भाऊ एक झाले आणि आमचेही पैसे त्यात गेले.

पुढच्याच हिवाळ्यात पाचही सरोवरांचा मिळून ९२ टक्के पृष्ठभाग गोठला. इथे बाष्पीभवन भर उन्हाळ्यात नाही, तर शरदात आणि हिवाळ्याच्या तोंडाला जास्त होतं, पाणी अजून कोमट आणि वरून कोरडा गार वारा असतो तेव्हा. २०१४ मध्ये पाणी उशिरापर्यंत गारच राहिलं, म्हणून बाष्पीभवन कमी, त्यात पाऊस भरपूर. पातळी चढत गेली ती २०२० च्या उन्हाळ्यापर्यंत सहा फुटांनी. पुळण गेली, जिना गेला, टेकाडाची कड लाटांनी पोखरली. दगड टाकून काठ बांधायला किती लागले ते लिहिलं तर नवरा हे उत्तर डिलीट करायला लावेल. विमा कंपनीने जमीन खचणं पॉलिसीत बसत नाही म्हणून हात वर केले.

तर, बाष्पीभवन वाढतं हे खरंच. पण गरम हवा बाष्पही जास्त धरते आणि पाऊस धो धो कोसळतो. जमा आणि खर्च दोन्ही वाढले की पातळी वर-खाली जास्त आणि झपाट्याने होते. जुनी भाकितं पातळी बरीच घटेल असं सांगायची, अलीकडची उलट थोडी वाढ दाखवतात. पाचही सरोवरांत मिळून पाणी किती? जायकवाडी साडेसात हजारांहून जास्त वेळा काठोकाठ भरेल इतकं. मात्र त्यातलं वर्षाला जेमतेम एक टक्का नव्याने येतं, म्हणून "एवढं आहे तर उपसा की" म्हणणाऱ्यांनाही माझा नमस्कार.

पिण्याच्या पाण्याची काळजी असेल तर या पाचांतल्या उथळ लेक ईरीकडे बघा. वसंतातल्या मोठ्या पावसात शेतातली खतं वाहून येतात, पाणी तापलं की विषारी शेवाळ माजतं. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याच्या काठच्या टोलेडो शहराच्या भागातल्या चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. उकळूनही उपयोग नव्हता. तळं मात्र भरलेलंच होतं.

हो, पातळीचं वर लिहिलं ते मिशिगन-ह्युरॉनचं, ही दोन सरोवरं जोडलेली, पातळी एकच. सुपीरियर आणि ऑंटारिओ या दुसऱ्या दोन सरोवरांमधून बाहेर पडणारं पाणी धरणांनी नियंत्रित होतं. तरी ऑंटारिओच्या काठी २०१७ आणि २०१९ मध्ये पूर आलेच.

तळ्याकाठी घर घ्यायचं असेल तर पाणी सर्वांत वर होतं त्या वर्षाचे फोटो मागा, आजची पुळण बघू नका. आणि भाऊजी, पातळी पुन्हा उतरलीय म्हणून शेजारचा प्लॉट बघताय असं ऐकलं. या खेपेला आमचे पैसे धरू नका.