संपात बिंदू आत की बाहेर? तक्ता पाठ करू नका

परिकेंद्र, शिरोलंबसंपात, मध्यगासंपात आणि अंतर्मध्य यांतला कोणता बिंदू कुठल्या त्रिकोणात आत पडतो नि कुठल्यात बाहेर, याचा तक्ता लक्षात राहत नाही, असं तुम्ही विचारलंय. तक्ता सोडा. बिंदू ज्या रेषांमुळे मिळतो, त्या रेषांकडे बघा: मध्यगा (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतच्या रेषा) मध्यगासंपातात मिळतात, कोनदुभाजक अंतर्मध्यात, शिरोबिंदूंतून समोरच्या बाजूंवर काढलेले लंब शिरोलंबसंपातात, आणि बाजूंचे लंबदुभाजक परिकेंद्रात, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या परिवर्तुळाच्या केंद्रात.

मध्यगा आणि कोनदुभाजक शिरोबिंदूतून निघून समोरच्या बाजूला भिडेपर्यंत त्रिकोणातच असतात. म्हणून मध्यगासंपात आणि अंतर्मध्य कायम आत. यात लक्षात ठेवण्यासारखं काहीच नाही.

खरी मजा उरलेल्या दोघांत आहे. 6 सेमी पायाचा समद्विभुज त्रिकोण घ्या आणि वरचा शिरोबिंदू हळूहळू खाली आणा. उंची 4 सेमी असताना शिरोलंबसंपात पायापासून 2.25 सेमीवर आणि परिकेंद्र 0.875 सेमीवर, दोन्ही आत. उंची 3 सेमी झाली की वरचा कोन काटकोन होतो. शिरोलंबसंपात त्या शिरोबिंदूवरच येतो आणि परिकेंद्र कर्णाच्या मध्यावर. उंची 1 सेमी केलीत तर शिरोलंबसंपात पायाच्या 9 सेमी वर, परिकेंद्र 4 सेमी खाली! एक शिरोबिंदूतून बाहेर पडतो, दुसरा समोरच्या बाजूच्या मध्यातून, आणि तेही एकाच क्षणी. जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरोबिंदू ओढून हे एकदा बघाच.

कारणही सोपं आहे. विशालकोनाचा शिरोबिंदू परिवर्तुळाच्या लहान कंसावर असतो, त्यामुळे केंद्र समोरच्या बाजूच्या पलीकडे जातं. आणि विशालकोन त्रिकोणात लघुकोनांच्या शिरोबिंदूंतून काढलेले लंब समोरच्या बाजूवर पडतच नाहीत, ती बाजू वाढवावी लागते. वहीत असा त्रिकोण काढताना वर-खाली भरपूर जागा सोडा.

हे दोघे विरुद्ध दिशांना पळाले तरी मध्यगासंपात त्यांच्यामध्ये, दोघांना जोडणाऱ्या रेषेवरच राहतो. शिरोलंबसंपातापासूनचं त्याचं अंतर परिकेंद्रापासूनच्या अंतराच्या दुप्पट. तिघांतून जाणारी ही रेषा म्हणजे ऑयलर रेषा. वरच्या शेवटच्या त्रिकोणात मध्यगासंपात पायापासून 1/3 सेमीवर आहे. अंतरं 26/3 आणि 13/3 येतात. त्रिकोण समभुज असेल तर तिन्ही एकाच बिंदूत मिळतात, मग रेषाच उरत नाही.

अंतर्मध्य मात्र या रेषेवर फक्त समद्विभुज त्रिकोणातच असतो. 3, 4, 5 बाजूंच्या त्रिकोणाचा काटकोन आरंभबिंदूवर आणि 4 ची बाजू क्ष-अक्षावर ठेवा: परिकेंद्र (2, 1.5), मध्यगासंपात (4/3, 1), अंतर्मध्य (1, 1). तो रेषेच्या किंचित वर राहिलेला दिसेल.