वाचकांचे प्रश्न : चेक इंजिनचा दिवा आणि ईजीआरचा सेन्सर

प्रश्न : डिझेल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला आहे. स्कॅनरवर (गाडीच्या कंप्युटरमधले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०४०५ कोड दिसतो. कोड पुसला की दोन दिवसांत पुन्हा दिवा लागतो. गॅरेजमध्ये ईजीआर व्हॉल्व्ह सेन्सरसकट बदलायला सांगतात. बदलावाच लागेल का?

उत्तर : मोजमाप केल्याशिवाय बदलू नका. ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा; व्हॉल्व्ह किती उघडलाय, ते त्यावरचा सेन्सर कंप्युटरला कळवतो. ईजीआर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज फार कमी मिळतंय, एवढंच पी०४०५ सांगतो. सेन्सर बिघडला, त्याला वीज देणारी ५ व्होल्टची वायर तुटली, सिग्नलची वायर घासून बॉडीला टेकली किंवा पिनांवर गंज चढला, तरी कोड हाच येऊ शकतो. व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त असलं तर पी०४०६ येतो.

इंजिन गार असताना कनेक्टर काढा. पिना हिरवट पडल्यात का, आत तेल शिरलंय का, एखादी पिन मागे सरकलीय का, हे नीट उजेडात बघा. बऱ्याच व्हॉल्व्हना पाच पिना असतात : दोन मोटरच्या, तीन सेन्सरच्या. कोणती कुठली, हे त्या मॉडेलच्या वायरिंग डायग्रामवरूनच ठरवा, अंदाजाने नको. आता मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. हार्नेसच्या (गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने ५ व्होल्टची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात ४.८ ते ५.२ व्होल्ट दिसायला हवेत. मग त्याच पिनेपासून सेन्सरच्या अर्थच्या पिनेपर्यंत मोजा. आकडा साधारण तेवढाच आला तर अर्थ ठीक आहे, बराच खाली आला तर दोष अर्थच्या वायरीत. ५ व्होल्टच मिळत नसतील तर नवा व्हॉल्व्ह लावूनही दिवा लागणारच. ही लाइन अनेकदा दुसऱ्या सेन्सरांनाही जाते, म्हणून त्यांचेही कोड आलेत का ते पाहा.

यानंतरची चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. कनेक्टर काढलेलाच ठेवून, फ्यूज लावलेल्या जंपर वायरने ५ व्होल्टची आणि सिग्नलची पिन क्षणभर जोडा आणि स्कॅनरवरचं सेन्सरचं व्होल्टेज बघा. ते ५ च्या जवळ चढलं, तर वायरिंग आणि कंप्युटर दोन्ही शाबूत आहेत, संशय सेन्सरवर. चढलं नाही, तर वायर तपासा. जंपर चुकूनही मोटरच्या पिनेला लागू देऊ नका.

शेवटी कनेक्टर बसवा आणि स्कॅनरच्या ॲक्च्युएटर टेस्टने व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. बहुतेक गाड्यांत बंद स्थितीत साधारण ०.५ ते १.२ व्होल्ट असतात आणि उघडताना आकडा सलग वाढतो. काही गाड्यांत उलटं असतं, म्हणून मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण माना. मधेच आकडा कोसळला तर सेन्सरच्या आतली पट्टी झिजली आहे. हार्नेस हलवल्यावर कोसळला तर वायर दोषी. दोन दिवसांनी परतणारा दिवा पुष्कळदा याच प्रकारातला असतो.

प्रश्न : पेट्रोल गाडीला पी०४०१ येत होता. ईजीआरचा प्रेशर सेन्सर नवा बसवला, तरी तोच कोड. सेन्सर खराब निघाला का?

उत्तर : बहुधा नाही. पी०४०१ म्हणजे एक्झॉस्टचा वायू इनटेककडे (इंजिनात हवा जाते त्या बाजूला) पुरेसा येत नाही. सेन्सर फक्त ते कळवतोय. आधी सेन्सरच्या दोन नळ्या काढून वाकवून बघा. उष्णतेने त्या चिरतात, आत पाणी किंवा काजळी साचते. बदलायच्या तर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्याच घ्या आणि जोडताना अदलाबदल होऊ देऊ नका.

व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर इंजिन आयडलवर ठेवून हातपंपाने व्हॅक्यूम द्या. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर मार्ग मोकळा आहे. मग सोलेनॉइड (व्हॅक्यूम चालू-बंद करणारा विजेवरचा भाग) आणि व्हॅक्यूमची नळी तपासा. काहीच फरक पडला नाही आणि पंपाची सुई खाली येते, तर डायफ्रॅम (व्हॉल्व्हमधला लवचीक पडदा) फाटलाय. सुई स्थिर असूनही फरक नाही, तर काजळीने मार्ग बुजलाय किंवा व्हॉल्व्ह जाम आहे. व्हॉल्व्ह काढून क्लीनर आणि नायलॉन ब्रशने साफ करा. क्लीनर डायफ्रॅमवर किंवा इलेक्ट्रिक भागावर उडवू नका, व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या सीटवर धातूची पट्टी घासू नका. मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधली) वायूची भोकंही मोकळी करा. नुसता व्हॉल्व्ह चकचकीत करून कोड जात नाही, आणि इथेच बहुतेकांची मेहनत वाया जाते. बसवताना गॅस्केट नवं वापरा.

प्रश्न : ईजीआरला पत्रा लावून बंद केलं तर कटकट मिटेल ना?

उत्तर : असं करू नका. ईजीआर ज्वलनाचं तापमान खाली ठेवतं, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. पत्रा लावला की ते वाढतात, पेट्रोल इंजिनात ठोके येऊ शकतात, आणि प्रवाह नसल्याचं कंप्युटरच्या लक्षात आलं की पी०४०१ येऊन दिवा लागतोच.

प्रश्न : दुरुस्ती झाली, पण दिवा अजून चालू आहे. कोड पुसू का?

उत्तर : पुसला तरी चालेल, पण आधी फ्रीझ फ्रेमचे, म्हणजे कोड आला त्या क्षणी कंप्युटरने नोंदलेले आकडे लिहून ठेवा. न पुसताही, कंप्युटरची स्वतःची तपासणी गाडी चालवण्याच्या सलग तीन फेऱ्यांत यशस्वी झाली की दिवा आपोआप विझतो. डिझेलमध्ये व्हॉल्व्ह साफ केला किंवा बदलला असेल, तर स्कॅनरने त्याची बंद स्थिती कंप्युटरला पुन्हा शिकवावी लागते का, ते मॅन्युअलमध्ये पाहा. दिवा लुकलुकत असेल तर मात्र तो मिसफायरचा (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचा) इशारा आहे. तेव्हा ईजीआर बाजूला ठेवा आणि गाडी पुढे दामटू नका, एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळेल.