आधी पेटेबल वाच, मग स्पिनला हात लाव

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्याच रात्री दोनदा वाचून काढलं. नोकरीला वर्ष झालं, हातात स्वतःचे पैसे आले आणि संध्याकाळी मोबाइलवर स्लॉट, म्हणजे चिन्हं फिरवून जुळवायचे पैशांचे खेळ, खेळायला लागलास, हे तू लपवून ठेवलं नाहीस याचं मला बरं वाटलं. कधी हलकंफुलकं खेळावंसं वाटतं, कधी थरार हवा असतो, महिनाअखेरीस खिसा आखडलेला असतो, तर कुठल्या वेळी कुठला खेळ निवडू, असं विचारलं आहेस. ‘खेळू नकोस’ एवढं लिहून मी पाकीट बंद करू शकले असते. पण तू खेळतो आहेसच, आणि निवृत्तीनंतर दोन वर्षं मीही हे खेळ वही उघडी ठेवून खेळले आहे. तेव्हा जे कळलं ते सगळं सांगते.

त्याआधी एक गोष्ट तपासून घे. तू राहतोस तिथे पैसे लावून स्लॉट खेळायला कायद्याची परवानगी आहे का? कित्येक ठिकाणी पूर्ण बंदी आहे, काही ठिकाणी फक्त परवाना असलेल्या साइटवर खेळता येतं. बंदी असेल तर पुढचं सगळं डेमोपुरतं, म्हणजे खोट्या पैशांच्या खेळापुरतं, वाच. परवाना नसलेल्या साइटवर जिंकलेले पैसे अडकले तर दाद मागायला कुठे जाशील?

तू खेळ निवडतोस ते चित्रं बघून. फळं, राजवाडे, ड्रॅगन, हिरे. तुझ्या पत्रात मी मोजलं, सात खेळांची नावं आहेत आणि एकाचाही आरटीपी, म्हणजे खेळ किती टक्के पैसे परत देतो तो आकडा, लिहिलेला नाही. चित्र हा डब्यावरचा कागद आहे रे, आत काय आहे ते पेटेबलमध्ये, म्हणजे खेळाच्या माहितीच्या पानांत, असतं. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा ‘आय’ किंवा तीन रेघा दिसतील, तिथे दाब. चिन्हांच्या किमती, वाइल्ड (दुसऱ्या चिन्हांच्या जागी चालणारं), स्कॅटर (कुठेही पडलं तरी मोजलं जाणारं) असं सगळं येईल, ते सरकवत अगदी शेवटच्या पानापर्यंत जा. तिथे बारीक अक्षरांत एक टक्केवारी असते, बहुधा 96 च्या आसपास. हा आरटीपी. लाखो फिरक्यांमध्ये लावलेल्या प्रत्येक 100 मागे खेळ सरासरीने 96 परत देतो, 4 ठेवून घेतो. आणि हा आकडा प्रत्येक साइटवर पुन्हा बघ, कारण बनवणाऱ्या कंपन्या एकच खेळ 96, 94, 92 अशा वेगवेगळ्या आरटीपीत देतात आणि कुठला ठेवायचा ते साइट ठरवते. नाव तेच, चित्रं तीच, संगीत तेच, आणि कापला जाणारा वाटा दुप्पट.

‘फक्त 4 टक्के’ असं तुझ्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं, आणि मी आयुष्यभर गणित शिकवलं आहे. घोळ असा की हे 4 टक्के तू आणलेल्या पैशावर कापले जात नाहीत, प्रत्येक फिरकीवर कापले जातात. मिनिटाला 10 फिरक्या धर, तासाला 600 झाल्या. 600 चे 4 टक्के म्हणजे 24. म्हणजे कुठल्याही चलनात, प्रत्येक फिरकीवर 1 ची बेट (पैज) लावून तासभर खेळलास तर सरासरी 24 गेले. आणलेले 100 पुन्हा पुन्हा फिरत राहतात. एकदा पूर्ण फिरले की सरासरी 96 उरतात, दोनदा फिरले की 92, दहा वेळा फिरले की 66 च्या थोडे वर. म्हणून टर्बो (फिरकी झटपट आटोपणारं) आणि ऑटोप्ले (आपोआप फिरवत राहणारं) ही दोन्ही बटणं आजच बंद कर. खेळ तोच राहतो, तासाचा खर्च मात्र निम्म्यावर येऊ शकतो.

आता मूडचं. मूडशी खरा संबंध आहे तो व्होलॅटिलिटीचा, म्हणजे पैसे परत येतात कसे याचा. कमी व्होलॅटिलिटीच्या खेळात थोडं थोडं आणि वरचेवर मिळतं. जास्त व्होलॅटिलिटीत फिरक्यांमागून फिरक्या कोरड्या जातात आणि कधीतरी एकदम मोठं काहीतरी लागतं. दोन्हींचा आरटीपी 96 असू शकतो, पण त्यांच्यासोबत घालवलेली संध्याकाळ अगदी वेगळी असते.

दमून आला आहेस, डोकं चालवायचं नाही, पाऊण तास रंग आणि आवाज पुरेत, अशा दिवशी कमी व्होलॅटिलिटी घे. 2012 चा स्टारबर्स्ट हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. पाच रील (चिन्हांचे फिरणारे उभे पट्टे), दहा लाइन (ज्यांवर चिन्हं जुळली तर पैसे मिळतात अशा रेघा), डावीकडून आणि उजवीकडून अशी दोन्ही बाजूंनी मोजणी, फ्री स्पिनची, म्हणजे फुकट फिरक्यांची, भानगडच नाही. समजायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे हळूहळू उतरतात. थरार हवा असेल तर मेगावेजसारखे खेळ आहेत. सहा रील, प्रत्येकावर जास्तीत जास्त सात चिन्हं, म्हणजे सातचा सहावा घात, 1,17,649 मार्ग. आकडा मोठा दिसतो म्हणून जिंकायची शक्यता मोठी, असं मात्र समजू नकोस. मार्ग वाढले की प्रत्येक मार्गाची किंमत तेवढीच घटते, आरटीपी जिथे होता तिथेच राहतो.

बजेट इथेच लागतं. माझा हिशोब सोपा आहे. संध्याकाळचे पैसे आधी ठरव, मग त्यांना फिरक्यांनी भाग. कमी व्होलॅटिलिटीसाठी निदान 200 ने, जास्तीसाठी निदान 500 ने. जे उत्तर येईल ती तुझी बेट. 100 घेऊन बसलास तर पहिल्या प्रकारात 0.50, दुसऱ्यात 0.20. थरारवाल्या खेळात बेट लहान हवी, हे बहुतेकांना उलटं वाटतं. तिथे कोरडा पट्टा लांब चालतो, आणि बेट मोठी असली तर मोठं काही लागायच्या आतच पैसे संपतात. शिवाय तिथली 96 ची सरासरी कुणाला तरी क्वचित लागलेल्या प्रचंड रकमेने वर ओढलेली असते, म्हणून तुझ्या बहुतेक संध्याकाळी त्या सरासरीपेक्षा वाईट जाणार. थरारच हवा असेल तर त्या दिवशीचे सगळे पैसे जातील असं धरूनच बस.

बोनस बाय नावाचं बटण दिसलं तर हात आवर. फ्री स्पिन विकत घ्यायचे, किंमत साधारण बेटच्या 100 पट. 0.20 च्या बेटवर एका टिचकीत 20 गेले, म्हणजे संध्याकाळचा पाचवा हिस्सा. पाच टिचक्या आणि तू मोकळा.

मोठ्या प्रोग्रेसिव्ह जॅकपॉटचं, म्हणजे प्रत्येकाच्या बेटमधून थोडं थोडं जमून वाढत जाणाऱ्या बक्षिसाचं, तू विचारलंस. स्वप्न बघायचा मूड मला कळतो. पण त्या स्वप्नाचा खर्च रोजच्या परताव्यातून निघतो. 2006 मध्ये आलेल्या ‘मेगा मूला’ या स्लॉटचा जॅकपॉट सोडून उरणारा आरटीपी 88 च्या आसपास आहे. म्हणजे ज्याला जॅकपॉट लागत नाही, तो 4 च्या जागी 12 टक्के देतो. मगाचाच तास इथे खेळलास तर 24 ऐवजी 72. महिन्यातून एकदा दहा फिरक्या मारून उठणार असलास तर मी काही म्हणणार नाही. तिथे संध्याकाळ मात्र काढू नकोस.

स्वागताच्या बोनसचंही असंच. 100 चा बोनस, अट 35 पट खेळण्याची, म्हणजे 3500 च्या बेट लावायच्या. 3500 चे 4 टक्के 140. शंभराच्या भेटीपायी सरासरी एकशे चाळीस द्यायचे.

आता जे तुला प्रत्यक्ष करून बघायचं आहे ते. डेमो उघड आणि मोबाइलचा आवाज पूर्ण बंद कर. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा मला धक्काच बसला. 20 लाइनचा खेळ होता, फिरकीची बेट 1. एक लाइन जुळली, पडद्यावर नाणी उसळली, अक्षरं मोठी होऊन झळकली आणि आकडा आला 0.40. आवाज चालू असताना मी अशा प्रत्येक वेळी जिंकत होते. आवाज गेल्यावर नजर आपोआप खालच्या बॅलन्सवर गेली, आणि तो प्रत्येक वेळी 0.60 ने उतरत होता. हरण्यावर जिंकण्याचं संगीत लावलेलं होतं. ब्रिटनमध्ये 31 ऑक्टोबर 2021 पासून लावलेल्या बेटइतकी किंवा त्याहून कमी रक्कम परत आली तर जल्लोष दाखवायला बंदी आहे. त्याच दिवसापासून ऑटोप्ले बंद झाला आणि दोन फिरक्यांमध्ये निदान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं झालं. 2025 मध्ये तिथे ऑनलाइन स्लॉटच्या एका फिरकीवर 5 पौंडांची मर्यादा आली, आणि 18 ते 24 वयाच्यांसाठी 2 पौंडांची. तू त्या वयात बसतोस. तुझ्या वयाच्यांना जास्त जपायला हवं असं तिथल्या सरकारला वाटलं, तसं मलाही वाटतं.

‘थोडक्यात हुकलं’ हे शब्द तुझ्या पत्रात तीनदा आले आहेत. ते मनातून काढून टाक. रील जेव्हा खरोखर लोखंडाचे होते तेव्हा दिसायचं त्याला काही अर्थ होता. 1984 मध्ये इंगे टेलनेस यांना पेटंट मिळालं, त्यात रील कुठे थांबायचा हे रँडम नंबर ठरवतो आणि रील फक्त ते दाखवतो. तुझ्या मोबाइलवर तर रील असा नाहीच, बटण दाबलंस तेव्हाच निकाल लागलेला असतो, पुढचं फिरणं हे चित्र आहे. दोन हिरे जुळून तिसरा एक घर वर थांबला, याने पुढच्या फिरकीत काडीचाही फरक पडत नाही. 2009 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवलं की असं हुकणं मेंदूतल्या जिंकण्याशी संबंधित भागांनाच जागं करतं. खेळायची इच्छाही त्याने वाढते. म्हणजे तुला जे वाटतं ते खरंच वाटतं, फक्त त्याला आधार काही नाही. ‘बराच वेळ लागलं नाही, आता लागेल’ याचंही तसंच. मागच्या फिरक्या यंत्राच्या लक्षात नसतात.

काही मूड असे असतात की त्यांच्यासाठी खेळच नसतो. राग, दुःख, अपमान, पैशांची ओढाताण. एका रात्री माझं बहिणीशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं. फोन ठेवला आणि दिवासुद्धा न लावता खेळायला बसले. नेहमीचा शांत खेळ मला त्या रात्री मिळमिळीत वाटला, सर्वांत जास्त व्होलॅटिलिटीचा शोधून काढला. बेट एकदा दुप्पट केली, मग आणखी एकदा. चाळीस मिनिटांत महिन्यासाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे संपले. पैशांचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. राहिलं ते हे की त्या चाळीस मिनिटांतलं मला काहीच आठवत नव्हतं. वहीत त्या तारखेला एकही नोंद नाही, आणि ते कोरं पान मी अजून फाडलेलं नाही. तेव्हापासून मी नियम केला: आज खेळायचं की नाही, एवढंच मूडला विचारायचं. खेळ कुठला, बेट किती, हे दुपारी शांत डोक्याने कागदावर लिहून ठेवायचं.

कंटाळ्याला मी याच यादीत घालते. थरार हवा असलेला माणूस थरार मिळाला की उठतो. कंटाळलेल्याला उठायचं कारणच सापडत नाही. कंटाळा आला तर डेमो खेळ, गजर लावून.

साइटवर डिपॉझिट लिमिट, म्हणजे खात्यात किती पैसे भरायचे याची मर्यादा, लावून टाक, तेही सकाळी. बऱ्याच परवानाधारक साइटवर मर्यादा लगेच कमी करता येते, वाढवायची असेल तर थांबावं लागतं, आणि ते थांबणंच कामाला येतं. पैसे उसने घ्यावेसे वाटले, घरी खोटं सांगावं लागलं, गेलेले पैसे काढायलाच पुन्हा बसलास, तर त्याच दिवशी सेल्फ एक्सक्लूजन (साइटला सांगून स्वतःला खेळायला बंदी) लाव आणि मला फोन कर, रात्री कितीही वाजले तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराच्या व्यसनाची नोंद आहे. ताप आला तर कुणाला लाज वाटत नाही, तशी इथेही वाटू देऊ नकोस.

या आठवड्यात पैसे लावू नकोस. दोन खेळ निवड, एक कमी आणि एक जास्त व्होलॅटिलिटीचा, आणि दोन्हींच्या डेमोत आवाज बंद ठेवून 200-200 फिरक्या मार. वहीत तीन रकाने आख: बेट, परत आलेली रक्कम, बॅलन्स. चौथा मी माझ्यासाठी आखला होता, त्या क्षणी काय वाटलं त्याचा. तोही भर, एका शब्दात. पानं झाली की फोटो पाठव, आपण दोघं बसून बघू.

तुझ्या
बाई