वाचक विचारतात: पियानो गेला कुठे?

प्रश्न : जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनचा ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ हा १९५९चा अल्बम ऐकला. सॅक्सोफोन बेसूर वाटला. यात ऐकायचं तरी काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तो बेसूर नाही हो, मनापासून सांगतो. या अल्बममध्ये पियानोच नाही. पियानो असला की तो स्वरसंगती, म्हणजे कोणते सूर एकत्र वाजणार ते, ठरवून देतो आणि वादक त्या चौकटीत वाजवतो. कोलमनला ती चौकट नकोच होती. धून जिकडे नेईल तिकडे जायचं. त्यात त्याचा सॅक्सोफोन प्लॅस्टिकचा! धातूचा परवडत नव्हता म्हणून घेतलेला, पण पुढे त्याच आवाजावर त्याचा जीव जडला. माणसाच्या गळ्यासारखा, किंचित चिरका.

सुरुवात यातल्या ‘लोनली वुमन’ या रचनेपासून करा. आधी फक्त बिली हिगिन्सची झांज ऐका, ती भरभर पळते. खाली चार्ली हेडनचा बास, म्हणजे खर्जाचं मोठं तंतुवाद्य, संथ, जड. आणि कोलमन व कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवणारा डॉन चेरी दोघं मिळून विलापासारखी धून वाजवतात, त्या पळत्या लयीला अजिबात न बांधता. द्रुत आणि विलंबित एकाच वेळी! मला तरी यापेक्षा करुण जॅझ ठाऊक नाही. दोन-तीनदा ऐका, हेडफोन लावून. मग ‘पीस’ ऐका.